निळीची पिसं आणि हिरव्याचं वजन

शनिवार, १३ सप्टेंबर, सकाळी साडेआठ. जागा: माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांपुढची पडवी.

हजर: घरमालक, बनियनवर, हातात मी दिलेला चहा. शेजारच्या बाई, बारा कोंबड्या आणि एका कोंबड्याच्या मालकीण, दोन्ही हात कमरेवर. मी, डोकं तापलेलं. पिंजऱ्यात दोन बजरी: निळी मादी आणि हिरवा नर.

विषय एकच: निळीला सोमवारपर्यंत घराबाहेर काढणे.

बैठक झाली की असं लिहून ठेवायची मला सवय आहे. मुलचेरा तालुक्यात मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. घर चंद्रपूरला, नवरा आणि मुलगी तिथेच. मी महिन्यातून दोनदा जाते. या दोन बजरी मुलीनेच आणून दिल्या. "आई, तू तिथे एकटी याद्याच करत बसशील," म्हणाली. आता मी याद्या करत बसते आणि हिरवा माझ्या रजिस्टरवर चढून कागदाची कड कुरतडतो.

ज्यांना बजरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी: चिमणीएवढाच, पण लांब शेपटीचा, पोपटाच्या जातीचा पक्षी. बाजारात सगळे त्याला लव्हबर्ड म्हणतात. आपल्या रानातला पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे. हे परदेशी, पिंजऱ्यातच जन्मलेले, यांना नाही. त्या सकाळीही मला हे सांगावं लागलं, कारण घरमालकांनी सुरुवात तिथूनच केली.

"मॅडम, जंगलवाल्यानं पाह्यलं तं मलेच पकडन."

"भाऊ, मागच्या वर्षी तुम्हीच वनरक्षकाला विचारून आलात. तो नाही म्हणाला ना?"

"तवा पाखरू धड होतं. आता पहा ना त्याच्याकडं."

निळीचा अवतार झाला होता हे मला मान्य आहे. डोक्यावर पिसांच्या जागी पांढऱ्या सुया उभ्या होत्या. मानेचा रंग ठिगळ लावल्यासारखा. शेपटीचं एक लांब पीस गळलेलं. पिंजऱ्याखाली, पडवीत, पायरीवर निळी पिसं, आणि वाऱ्याने त्यातली चार-दोन उडून कुंपणापलीकडे शेजारच्या बाईंच्या अंगणात गेली होती. त्यांनी ती पिसं चिमट्यात धरून आणली होती, पुरावा म्हणून.

"हे पाखरू सडून राह्यलं, मॅडम. माह्या कोंबड्याईले लागलं तं कोण भरून देईन?"

"बाई, हा रोग नाही. ती पिसं टाकते आहे. तुमच्या कोंबड्या नाही का टाकत?"

"माह्या कोंबड्या पिसं टाकेपर्यंत राह्यतेत कुठी? त्याच्याआधी जावई येते."

घरमालक हसले. मला हसू आलं नाही. मागच्या उन्हाळ्यात या बाईंच्या कोंबड्यांत मानमोडी शिरली होती. कोंबड्या माना वाकड्या करून पटापट मेल्या, आठवड्यात खुराडं रिकामं झालं. त्यामुळे त्यांची भीती मला कळत होती. कळत नव्हता तो त्यांचा निवाडा. कारण पुढचं वाक्य त्या हिरव्याकडे बोट दाखवून बोलल्या.

"हा ठेवा. हा पहा कसा गुबगुबीत आहे. कसा गपगुमान बसते. ते निळं तं दिवसभर चिरचिर, चिरचिर."

"बरोबर," घरमालक म्हणाले. "हिरवा राहू द्या. निळी सोमवारपर्यंत सोडून द्या रानात."

मी चहाचा कप त्यांच्या हातातून काढून घेतला. अजून दोन घोट होते त्यात. पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी रानात सोडायचा म्हणजे कावळ्यांना न्याहारी वाढायची. आणि कशासाठी? तर तिने जुने कपडे उतरवले आणि नवे अजून पूर्ण चढले नाहीत म्हणून. लोक वरवरचं रूप तेवढं पाहतात आणि निरोगी जिवाला दाराबाहेर काढतात. मी म्हणाले, "सोमवारी सकाळी ढोरांच्या डॉक्टरला दाखवते. तो रोग म्हणाला तर निळीला मी स्वतः घेऊन जाईन. तोपर्यंत कोणी पिंजऱ्याला हात लावायचा नाही."

मला एवढा राग येण्याला कारण होतं. ही चूक मी स्वतः करून बसले होते. मागच्या वर्षी हिरव्याने पहिल्यांदा पिसं टाकली तेव्हा मी घाबरून कडुनिंबाचं पाणी उकळलं, गार करून त्याला त्यात बुचकळलं. मग कृषी केंद्रातून कोंबड्यांची पावडर आणली आणि पाण्यात कालवली. दोघांनी दिवसभर त्या पाण्याला चोच लावली नाही. शेवटी चंद्रपूरच्या ज्या दुकानातून मुलीने त्या घेतल्या होत्या त्या दुकानदाराला फोन केला. तो मला म्हणाला, "मॅडम, पिसं नाही टाकणार तर काय, जन्मभर तेच कपडे घालणार? ते पाणी फेका आधी."

मग त्याने सांगितलेलं मी लिहून घेतलं आणि वर्षभर ताडून पाहिलं. पिसं टाकणारा पक्षी दोन्ही बाजूंनी सारखी टाकतो, थोडी थोडी. टक्कल पडत नाही, कातडी उघडी दिसत नाही, दिसतात त्या नव्या पिसांच्या सुया. सुईवर मेणासारखं पातळ वेष्टण असतं, ते त्याच्याच चोचीने सुटतं आणि पिंजऱ्यात कोंड्यासारखं पडतं. तो खाजवतो, चिडचिड करतो, दुपारी एखादी झोप जास्त काढतो, पण खातो, ओरडतो, भांडतो. निळीत हे सगळं होतं. शनिवारी दुपारी मी ते मोठ्या अक्षरात एका कागदावर उतरवलं, बारा मुद्दे, आणि रविवारी सकाळी कुंपणापाशी जाऊन शेजारच्या बाईंना वाचून दाखवायला लागले.

त्यांनी चौथ्या मुद्द्यावर मला थांबवलं. हातात धान्याचं सूप होतं, ते पाखडणं थांबवलं नाही.

"कागद काऊन वाचून राह्यल्या? तुमी तं अंगणवाडीत लेकराईले काट्यावर टाकता ना?"

"हो. मग?"

"मंग याले टाका ना काट्यावर. मायबाई म्हणते लेकरू बरं आहे, तुमी म्हणता काट्यावर टाक. तुमच्या पाखराले मातर कागद! वजन उतरलं असन तं रोग. नाई उतरलं तं माहं तोंड बंद."

मी हातातला कागद दुमडला. वीस वर्षं मी हेच सांगत आले आहे. गावोगावच्या सेविकांना, आयांना, सासवांना. वजन करताना लेकराचं स्वेटर काढा, टोपडं काढा, चांदीचे वाळे काढा, कमरेची साखळी काढा. एक आई साखळी काढू देत नव्हती, नजर लागते म्हणून. मी तिच्यासमोर साखळी वेगळी मोजून दाखवली होती आणि म्हणाले होते, बाई, डोळ्याने वजन होत नाही. सेविकेने रजिस्टरमध्ये अंदाजे आकडा टाकला की मी लाल रेघ मारते. आणि माझ्या स्वतःच्या घरातल्या दोन जिवांचं वजन मी एकदाही केलं नव्हतं. बारा मुद्द्यांत वजनाचा मुद्दा नव्हता. हे मला कोंबड्यावाल्या बाईंनी सूप पाखडता पाखडता सांगावं!

राग घेऊनच मी कामाला लागले. अंगणवाडीचा काटा लेकरांचा, त्यावर बजरी म्हणजे धुळीचा कण. माझा स्वयंपाकघरातला काटा पाच-पाच ग्रॅमने उड्या मारतो. ग्रॅमचा हिशेब खरा ठेवणारा गावात एकच माणूस, तो म्हणजे सोनार. रविवार बाजाराचा दिवस, म्हणून त्याचं दुकान उघडं होतं. राजगिऱ्याच्या लाडवांचे तीन सारखे प्लास्टिकचे डबे घेतले, झाकणांना भोकं पाडली, एकात निळी, दुसऱ्यात हिरवा, तिसरा रिकामा, डब्याचं वजन वजा करायला. हिरव्याला कशाला नेलं? मोजमापाला. निरोगी बजरीचं वजन किती असतं ते त्याच्यावरून कळेल आणि निळी त्याच्या जवळपास भरली की बाईंचं तोंड बंद होईल, असा माझा बेत.

सोनार पलीकडच्या, बंगाली निर्वासितांच्या गावातला. दुकानात दोन बायका मंगळसूत्र गाठवून घ्यायला बसल्या होत्या. मी डबे काचेवर ठेवले.

"मॅडम, काय मोडायचं आहे?"

"मोडायचं नाही, मोजायचं आहे."

त्याने झाकणाच्या भोकातून आत पाहिलं, आतून निळीने त्याच्याकडे पाहून ठणाणा केला. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सोनाराने मात्र गंभीरपणे आधी रिकाम्या डब्याचं वजन घेतलं, काटा शून्यावर आणला, आणि निळीला डब्यासकट ठेवलं.

"पस्तीस ग्रॅम. साडेतीन तोळे. मॅडम, आजच्या भावानं ही लई महागाची बाई आहे. मजुरी लावू का?"

"मजुरी नको. आता याचं."

हिरव्याचा डबा ठेवला. सोनाराने तो उचलला, रिकामा डबा ठेवून काटा पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा हिरव्याला ठेवलं. मग तिसऱ्यांदा.

"सव्वीस."

"काटा चुकतो आहे."

"मॅडम, माझा काटा चुकला तर मी उपाशी मरेन. सव्वीसच. हा दिसतो मोठा, भरतो कमी. आत पोकळ आहे."

मी हिरव्याला डब्यातून काढून मुठीत धरलं. खरं तर हेही मी रोज करत होते, तो माझ्या बोटावर बसायचाच. पण कधी दाबून पाहिलं नव्हतं. पिसांखाली बोट घातलं तर छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं. दोन्ही बाजूंचं मांस गेलेलं. गुबगुबीत दिसत होता तो थंडी वाजत होती म्हणून. आजारी पक्षी अंगातली ऊब धरायला पिसं फुलवून बसतो. हे त्या दुकानदाराने मला सांगितलं होतं आणि मी ते लिहून घेतलं होतं. ते पान माझ्या वहीत आहे. गपगुमान बसतो म्हणून सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, फोटो काढले, आणि मी त्या कौतुकाला मान डोलावत राहिले. स्वेटर घातलेलं लेकरू वीस वर्षांत मला एकदाही फसवू शकलं नव्हतं. इथे मात्र मी सपशेल फसले.

घरी येऊन आठवड्याचा तक्ता काढला. दोघांच्या नावापुढे रोज सकाळ-संध्याकाळ 'खातो', 'खाते', बरोबरच्या खुणा. हिरव्यापुढेही. कारण तो वाटीपाशी बसलेला दिसायचा. वाटी भरलेलीही दिसायची. मी वाटीवर फुंकर मारली आणि वरची सगळी टरफलं उडून गेली. खाली दाणे जेमतेम बोटभर. म्हणजे निळी खात होती आणि हा वाटीपाशी बसून बरेचसे दाणे चोचीत फिरवून खाली टाकत होता. आणखी एक. पिंजऱ्याखालचा कागद मी रोज सकाळी सहाला उठल्या उठल्या गुंडाळून फेकत असे, न पाहता. स्वच्छतेचा मला कोण अभिमान! त्या दुपारी दोघांना वेगवेगळं ठेवलं, हिरव्याखाली पांढरा कागद घातला आणि तो फेकला नाही. तासाभराने पाहिलं. विष्ठा पातळ, आणि तिच्यात राळ्याचे अख्खे दाणे, न पचलेले, जसेच्या तसे. एवढा मोठा पुरावा मी किती दिवस रोज सहा वाजता कचऱ्यात टाकत होते, देव जाणे.

संध्याकाळी कुंपणापाशी जाऊन मी शेजारच्या बाईंना दोन्ही आकडे सांगितले. लपवून चालणार नव्हतं, कोंबड्या त्यांच्या होत्या.

"म्हणजे निळी बरी?"

"निळी बरी."

"आन् हिरवा?"

"हिरवा आजारी आहे. तुमच्या कोंबड्यांपासून लांब ठेवते. माझ्या चपलासुद्धा तुमच्या अंगणात येणार नाहीत."

त्या घरात गेल्या आणि एक टोपली घेऊन आल्या, कुंपणावरून माझ्याकडे दिली. टोपलीच्या झाकणाला मधोमध भोक, भोकातून लोंबणारा जुना पिवळा बल्ब.

"पिल्लाईले मी असंच ठेवतो, पावसात. बलप वर राहिला पायजे, अंगाले नाई लागला पायजे. एका बाजूले ऊन, एका बाजूले सावली, म्हणजे त्याले पायजे तिथी बसन." मग आवाज चढवून, "आन् टोपली परत आणून देऊ नोका माह्या घरी! तुमच्याकडंच ठेवा."

सोमवारी मी हिरव्याची टोपली आणि निळीचा डबा घेऊन ढोरांच्या डॉक्टरकडे गेले. तरुण माणूस, सरळ बोलला. "मॅडम, मी बैलाला सलाईन लावतो. याची शीर मला चष्म्यातून पण दिसायची नाही. ऊब दिली ते चांगलं केलं. पण याला आजच चंद्रपूरला न्या, तिथे पक्षी पाहणारे डॉक्टर आहेत." निळीला त्याने उलटीसुलटी करून पाहिली. तिने त्याच्या बोटाला चावा घेतला. "ही पिसं टाकते आहे. हिला काही झालेलं नाही," असं बोट चोखत म्हणाला. हे मी त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं.

कागद घरमालकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"मंग निळी राहू द्या. हिरवा मातर आता या घरात नको."

"शनिवारी तुम्हीच म्हणालात, हिरवा ठेवा म्हणून!"

"शनिवारी मले काय मालूम? तुमाले तरी कुठी मालूम होतं, मॅडम?"

हे खरं होतं, आणि समोरचा खरं बोलला की मला जास्तच राग येतो. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आष्टीला गाडी बदलली आणि टोपली मांडीवर घेऊन चंद्रपूरला गेले. बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या काकांनी आत डोकावून विचारलं, "वा, काय जाड आहे हो! काय खाऊ घालता?" मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

तिथल्या डॉक्टरांनी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पोटात बुरशीसारखी वाढ झाली होती, दाणे पचतच नव्हते. आणखी चार दिवस गेले असते तर काही करता आलं नसतं, म्हणाले. चोचीत थेंबाथेंबाने द्यायचं औषध, मऊ खाणं, ऊब, आणि रोज एकाच वेळी वजन. वजनावर त्यांनी दोनदा बोट आपटलं, जणू मला हा शब्द नवीनच होता. निळीखालच्या कागदाची पुडी करून मी नेलीच होती. ती स्वच्छ निघाली.

हिरव्याला नवऱ्याकडे आणि मुलीकडे ठेवून परत आले. ग्रॅमचे छोटे काटे दोन घेतले, एक तिथे, एक इथे. पहिले आठ दिवस रोज नवऱ्याशी फोनवर भांडण.

"कसा आहे?"

"बरा दिसतो."

"दिसतो नको. आकडा सांगा."

"अगं, आता ओरडायला पण लागला."

"आकडा!"

सव्वीस, मग पंचवीस, त्या रात्री मी जेवले नाही. मग पंचवीसच, मग सव्वीस, सत्तावीस. महिना होत आला, आता तो एकतीसवर आहे आणि मुलीच्या वह्या कुरतडतो. दुसरी तपासणी झाली, विष्ठेत काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, न्यायला हरकत नाही. इकडे निळीची सगळी पिसं आली आहेत, डोकं असं गुळगुळीत की शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "आता कशी नवरीवानी दिसून राह्यली." दर रविवारी सकाळी सातला तिचं वजन होतं, पिसं फुगलेली असोत की नसोत. कागद फेकायच्या आधी खिडकीपाशी नेऊन पाहते. शेजारच्या बाईंना हिरवा परत येणार हे सांगितलं. त्यांनी अट घातली: तीन आठवडे आतल्या खोलीत, पडवीत नाही. योग्य अट आहे, मान्य केली.

तो या शनिवारी मुलीबरोबर येतो आहे. यादी केली आहे. पिंजरा उकळत्या पाण्याने धुणे, झाले. लाकडी दांड्या नव्या, झाल्या. आतल्या खोलीत खिळा, झाला. औषधाची उरलेली बाटली आणायला मुलीला सांगणे, झाले.

पाचव्या ओळीवर 'घरमालकांशी बोलणे' असं आहे. निळीसाठी भांडायला मला एक क्षण लागला नव्हता, कारण मी बरोबर होते आणि मला ते माहीत होतं. हिरव्याच्या बाबतीत ते बरोबर होते, निदान त्या सोमवारी. आता तो बरा आहे याचे आकडे माझ्याकडे आहेत, चंद्रपूरचा कागद आहे. तरी काल सकाळी ते पडवीत चहा प्यायला बसले तेव्हा मी नळाच्या गळक्या तोटीबद्दल बोलले. आज पावसाबद्दल. आज गुरुवार आहे आणि पाचव्या ओळीपुढे अजून खूण नाही.